रिकामवाडीचे सर

"कुठं हाय मी?"

चांगला धट्टाकट्टा माणूस, खुर्चीत ऐसपैस बसलेला, समोर कॉम्प्युटर, हाताशी चहा, आणि भर ऑफिसात मोठ्यानं विचारतो, "कुठं हाय मी?" माझा पहिलाच दिवस होता. मला वाटलं, झालं, याला चक्कर आली. मी पाणी घेऊन धावले. त्यांनी ते शांतपणे पिऊन घेतलं, भांडं परत दिलं आणि म्हणाले, "पाणी बरं होतं अक्का. पण कुठं हाय मी?"

पलीकडच्या टेबलावरून शबाना मान न वळवता म्हणाली, "टेस्ट में है चच्चा."

"मग ठीक," म्हणून त्यांनी कीबोर्डवर बोटं ठेवली.

हे आमचे सर. गारखेड्याला एका औषधाच्या दुकानावर आमचं छोटं ऑफिस होतं. तिथं प्रोग्राम बनवायचे. मी काही शिकून-सवरून तिथं गेलेली बाई नव्हे, बरं का. मालक शेंद्र्याच्या कंपनीत जायचे, म्हणजे माझे मिस्टर. मुलगा पुण्याला गेला आणि त्याचा जुना कॉम्प्युटर घरात पडून राहिला. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून पुसता पुसता मी तो चालू केला, एवढीच माझी शाळा. मोबाईलवर बघून बघून टायपिंग शिकले, मग पुढचं थोडं थोडं. ऑफिसात मला घेतलं ते कागदावरची नावं कॉम्प्युटरात भरायला. सरांच्या शेजारचं टेबल रिकामं होतं, कारण त्यांच्या शेजारी कुणी टिकत नसे. तिथं मला बसवलं.

कुणी टिकत नसे ते या प्रश्नापायी. आता तो प्रश्न काय होता ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला माणूस कळेल.

कुठलाही प्रोग्राम बनवला की त्याची आम्ही तीन घरं करतो. एक जिथं बांधकाम चालतं ते. एक चाचणीचं, ज्याला सगळे टेस्ट म्हणतात. आणि एक खरं, जिथं खरी माणसं राहतात. या घरांत पुढच्या दारानं, म्हणजे छान रंगीत पडद्यावरून, कुणीही जातं. पण कन्सोल म्हणून एक मागचं दार असतं. तिथून थेट माजघरात. काळी खिडकी, पांढरी अक्षरं. तिथं तुम्ही एक ओळ लिहिता आणि प्रोग्राम लगेच ती करून दाखवतो. विचारत नाही, थांबवत नाही. कन्सोल उघडायच्या आदेशाच्या शेवटी टेस्ट असं लिहिलं की चाचणीच्या घरात उतरायचं. आणि घात असा की आत गेल्यावर तिन्ही घरं सारखीच दिसतात. तीच काळी खिडकी, कर्सरचं तेच लुकलुकणारं बोट. फक्त ओळीच्या सुरुवातीला बारीक अक्षरात घराचं नाव असतं. चाचणीचं घर समजून खऱ्या घरात "सगळं पूस" म्हणालात, की ते पुसतं.

म्हणून सर काही लिहायच्या आधी विचारायचे. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्यानं बघून सांगायचं, हा त्यांचा दस्तूर.

मी एकदा म्हटलं, "सर, नाव तर तुमच्यापुढंच असतं. स्वतः वाचलं तर काय बिघडतं?"

"तुम्ही कधी हिरीत उतरल्या का?"

"नाय बा."

"आमच्याकडं गाळ काढायला हिरीत उतरायचे. उतरणाऱ्यानं आधी विचारायचं, दोर? वरच्यानं गाठ हातानं बघून सांगायचं, बांधलाय. उतरणारा स्वतः म्हणत नसतो बांधलाय म्हणून. त्याला उतरायची घाई असती. घाईवाल्याला गाठ पक्कीच दिसती."

सरांचं गाव सिल्लोडच्या पुढं, रस्त्यापासून आत. घराणं मेंढरांचं. वडिलांनी मेंढरं राखली, थोरला भाऊ अजून राखायचा. सर तेवढे शिकले, आधी शाळेत गणित शिकवलं, मग कुठून तरी या कॉम्प्युटरच्या नादाला लागले. अंगात कायम पांढरा सदरा, खिशाला पेन नाही, पण कंगवा. केस फार राहिले नव्हते, कंगवा राहिला होता.

आणि त्यांची रिकामवाडी!

चाचणीचं घर मुळात रिकामं असतं. तिथं खोटी माणसं भरून बघायची, प्रोग्राम नीट चालतो का. बाकीचे लोक काय करतात, नावाच्या जागी अ ब क, आडनावाच्या जागी टेस्ट टेस्ट, वय नव्याण्णव, झालं. सरांना याचा भयंकर राग. एका नव्या पोरानं असं भरलेलं त्यांनी पाहिलं आणि त्याला म्हणाले, "बाबा, हे माणसाचं नाव हाय व्हय? याला ताप तरी कसा यील?"

त्यांनी तिथं गाव वसवलं होतं. रिकामवाडी, तालुका नाही, जिल्हा नाही. पण माणसं अशी की तुमच्या-आमच्या ओळखीची वाटावीत. एक म्हातारी होती, तिला आडनावच नव्हतं. एक सून होती, तिच्या आधारकार्डावर माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं. दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण मोबाईल नंबर एकच, कारण फोन घरात एकच. एक बाळ होतं, बारसं व्हायचं होतं, तर नावाच्या जागी नुसतं 'बाळ'. आणि तीन काशिनाथ. तिघांचं गाव एक, आडनाव एक, आणि जन्मतारीख एक जून.

एक जूनचं तुम्हाला माहीत असेलच. आमच्या पिढीत शाळेत नाव घालायला नेलं की आई म्हणायची, भुईमूग काढायला होतो तेव्हाचा. गुरुजी वर बघायचे, खाली बघायचे आणि एक जून लिहायचे. माझीही एक जूनच. माझ्या दोन्ही बहिणींचीही. आता नाव तेच, गाव तेच, तारीख तीच म्हटल्यावर कॉम्प्युटर म्हणतो, हा एकच माणूस, दोनदा आला. आणि दोघांची पानं एकाला जोडून टाकतो.

आमच्याकडं तेव्हा एका मोठ्या दवाखान्याच्या नोंदणीचं काम आलं होतं. "अक्का," सर मला म्हणाले, "या तिघांतला मधला काशिनाथ माझा थोरला भाऊ हाय. त्याची फाईल एका ठिकाणी दुसऱ्याच काशिनाथच्या फाईलीत गेली होती. त्याची साखर, याच्या गोळ्या. वाचला. पण तेव्हापासून दवाखान्यात गेला की नाव सांगत नाय, नुसता बसून राहतो. म्हणतो, नाव सांगून काय फायदा, ते दुसऱ्याचं निघतं." मग म्हणाले, "हे तीन काशिनाथ तीन राहिले पायजेत. तेवढं झालं की मी सुटलो."

संध्याकाळी निघताना सर गाव उठवायचे. एक ओळ लिहायची की अख्खी रिकामवाडी पुसली. सकाळी दुसरी ओळ, की वसली. मेंढरांचा वाडा जसा सकाळी उठतो नि दुसऱ्या रानात बसतो, तसं. कुणी गाव न उठवता गेला, एखादं माणूस कन्सोलमधून घालून तसंच विसरून गेला, तर सकाळी चाचण्या लाल, म्हणजे नापास व्हायच्या, कारण गावात एक जास्तीचा निघायचा. मग सर दारातूनच ओरडायचे, "कुणी पाहुणा ठिवला वाडीत? सांगा, त्याच्या भाकरीचं कोण बघणार?"

माझं सगळं शिकणं त्या वाडीत झालं. मी घाबरायची. बोट लावलं आणि काही बिघडलं तर? सर म्हणायचे, "इथं मोडा अक्का. खुशाल मोडा. मोडल्याबिगर हात बसत नाय. तीन काशिनाथांना एक करा, म्हातारीचं लगीन लावा, बाळाला साठ वर्षांचं करा. संध्याकाळी गाव उठणारच हाय." आणि मी मोडत गेले. असं मोडायला मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं, खरं सांगते. संसारात काय, कप फुटला तरी चर्चा होते.

मग एक दिवस मला गुलमंडीवर सर दिसले. समोरून येत होते, मी हसले, हात केला. ते माझ्याकडं बघत बघत पुढं निघून गेले. मी म्हटलं, "अहो सर!" तसे गर्रकन वळले. "अक्का व्हय! आवाज आला म्हणून कळलं."

तेव्हा माझ्या एकेक ध्यानात यायला लागलं. पडद्यावरची अक्षरं त्यांनी वीतभर करून ठेवली होती, कन्सोलची तेवढी मोठी होत नसत. विचारलं तर म्हणायचे, अक्षर मोठं तर मन मोठं. चहाचा कप आधी बोटांनी चाचपायचे, मग उचलायचे. चहा बशीत सांडायचा, तर म्हणायचे, बशीचा पण हक्क असतो.

मी त्यांना जवळच्या रसवंतीत बसवलं आणि सरळ विचारलं. त्यांनी लपवलं नाही. साखर डोळ्यांत उतरली होती. इलाज झाले होते. मोठं तेवढं दिसायचं, बारीक अक्षर गेलं होतं. म्हणजे ओळीच्या सुरुवातीला असतं ते घराचं नाव गेलं होतं.

"म्हणजे तुम्ही 'कुठं हाय मी' विचारता ते..."

"आधी दस्तूर होता. आता गरज हाय." रसाचा पेला त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "अक्का, ऑफिसच्या मालकाला कळलं तर हे काम पुण्याच्या कुणा माणसाला देतील. तो लई हुशार असंल, पण त्याला एक जून कोण सांगणार? दवाखान्याचं काम उभं राहू द्या. मग मी स्वतःच सांगीन. तोवर तुम्ही कुणाला बोलू नका."

मी कुणाला बोलले नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी विचारलं की मी दोनदा वाचून मगच सांगायची. आधी मी सांगायची तेव्हा ती गंमत होती. आता मी वरची झाले होते, दोर बघणारी.

दवाखान्याचं काम अर्धं सुरू झालं होतं. एका विभागाची खरी माणसं खऱ्या घरात आली होती, रोज सकाळी रांगेत उभी राहून नाव लावत होती. बाकीचे विभाग लावायचे की नाही ते ठरवायला दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आमच्याकडं येणार होत्या. आमचे मालक, म्हणजे ऑफिसचे मालक, पोरगेलेसे होते, इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून येरझाऱ्या मारत होते. मधेच दवाखान्यातून फोन आला, कुणाचं तरी वय चुकलंय, दुरुस्त करा. खऱ्या घराची किल्ली फक्त सरांच्या मशीनवर होती. सर चहाला खाली गेलेले. मालक त्यांच्या खुर्चीत बसले, खऱ्या घराचा कन्सोल उघडला, वय नीट केलं, आणि फोन वाजला तसे उठून गेले. खिडकी तशीच.

सरांच्या खुर्चीत कुणी बसत नसे. आणि त्या पडद्यावर कायम रिकामवाडीच उघडी असायची. सर वर आले ते डॉक्टरीणबाईंसोबतच.

बाई मोठ्या करारी. माझ्या मशीनवर सगळं बघितलं, तीन काशिनाथ बघून हसल्यासुद्धा. मग म्हणाल्या, "हे सगळं ठीक. पण एखाद्यानं सगळाच घोळ केला तर?"

सर खुलले. हा त्यांचा आवडता खेळ. "बघा तर मग. आत्ता अख्खं गाव उठवतो आणि तुमच्यासमोर पुन्हा वसवतो." आणि आपल्या खुर्चीत बसून, हात कीबोर्डपाशी नेऊन विचारलं, "कुठं हाय मी?"

मालक ओशाळून हसले. "मॅडम, आमच्या सरांची ही एक सवय आहे."

शबाना त्या वेळी जागेवर नव्हती. मी होते. मी वाकून ओळीची सुरुवात वाचली. पुन्हा वाचली. तिथं टेस्ट नव्हतं.

तुम्हाला सांगते, माणसाच्या मनात एका क्षणात किती येऊन जातं. मी सांगितलं, की मालक विचारणार, एवढं समोर लिहिलेलं यांना दिसलं कसं नाही? मग सगळंच बाहेर. पुण्याचा माणूस येणार, काशिनाथ एक होणार. आणि नाही सांगितलं तर... नाही सांगायचं हे काही मनात आलं नाही हो. फक्त मी ती ओळ तिसऱ्यांदा वाचली.

"अक्का, कुठं हाय?"

"सर," मी म्हटलं, "खऱ्या घरात हाय तुम्ही."

सरांनी हात उचलले आणि मांडीवर ठेवले. दोन्ही. जसं पंगतीत वाढप्याची वाट बघताना ठेवतात तसे.

मालकांचा चेहरा उतरला. आधी त्यांना आठवलं, खिडकी कुणी उघडी ठेवली ते. मग त्यांनी पडद्याकडं बघितलं. "पण सर, समोर लिहिलंय की. तुम्हाला दिसलं नाही?"

मी मधे पडले. "सरांनी आज चष्मा..."

"अक्का," सर म्हणाले. आवाज चढवला नाही. "वरच्यानं खरंच सांगायचं असतं. आत्ता सांगितलंत तसंच." मग मालकांच्या आवाजाकडं तोंड करून म्हणाले, "नाय दिसत मालक. बरेच दिवस झाले. मोठं दिसतं, बारीक दिसत नाय. दवाखाना उभा राहिला की सांगणार होतो."

खाली औषधाच्या दुकानाचं शटर कुणीतरी वर केलं, तेवढाच आवाज.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही ती ओळ लिहिली असती तर काय झालं असतं?"

"तुमचं गाव उठलं असतं. रात्रीची नक्कल ठेवलेली हाय, ती परत लावली असती. पण आज सकाळपासून रांगेत उभं राहून ज्यांनी नाव लावलं, ती माणसं गेली असती."

"आणि हे विचारणं रोज असतं? उत्तर द्यायला कुणी नसलं तर?"

"तर मी हात लावत नाय."

बाईंनी एकदा सरांच्या मांडीवरच्या हातांकडं बघितलं. मग मालकांना म्हणाल्या, "आमच्याकडं ऑपरेशनच्या आधी सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारतात. पेशंटचं नाव काय, गुडघा डावा की उजवा. सर्जनला चांगलं दिसत असतं. तरी विचारतात." एवढं म्हणून त्यांनी पर्स उचलली. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली गेला, आणि काम मिळालं की गेलं, कुणालाच कळलं नाही.

त्या संध्याकाळी सरांनी गाव उठवलं नाही. तसेच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचले. तरी सर माझ्या आधीच येऊन दारात उभे होते, आत पाऊल न टाकता. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "अक्का, बघा जरा. खुर्ची हाय का माझी?"

मी आत बघितलं. मालक माझी खुर्ची ओढत ओढत सरांच्या टेबलाशी नेत होते.

"दोन हायत," मी म्हटलं.

मालक घाम पुसत म्हणाले, "सर, तुम्ही बोलायचं, आंटी टाइप करतील. मॅडमनी सगळे विभाग लावायला सांगितलेत. तेवढं पूर्ण होईपर्यंत."

"आन् मग?"

मालकांनी खोटं सांगितलं नाही. "मग बघू, सर."

"बघायचं काय त्यात. मग मी गावाकडं जाईन. ते माझं मी कधीच ठरवलंय." आणि सर चाचपत आपल्या खुर्चीत बसले. मालकांनी मोठ्या हौसेनं खऱ्या घराच्या खिडकीला लाल रंग लावला होता, तो त्यांना सांगितला. सर म्हणाले, "लई देखणा असंल. मला काय त्याचा उपयोग!"

पुढचे ते दिवस. सर डोळे मिटून बोलायचे आणि मी लिहायची. कंसात कंस, त्यात कंस, आणि सर बरोब्बर सांगायचे, "एक बंद करायचा राहिला बघा." दर वेळी आधी तोच प्रश्न. दर वेळी मी वाचून उत्तर द्यायची. शबाना म्हणायची, "क्या अम्मा, तुम दोनों का तो भजन चलरा." चलरा तर चलरा. ती सगळी वाडी माझ्या बोटांत उतरली.

दवाखान्याची नोंदणी पूर्ण सुरू झाली. सरांचे थोरले भाऊ एकदा तपासायला आले. नोंदणीच्या खिडकीवर त्यांनी नाव सांगितलं, काशिनाथ. आतल्या मुलीनं विचारलं, "बाबा, यातले तुम्ही कोणते?" आणि वडिलांचं नाव, मोबाईल विचारून त्यांचं पान काढलं. त्यांचंच. सर माझ्याशेजारी बाकावर बसले होते, ते हे ऐकत होते. मला कोपरानं ढोसलं.

सिल्लोडच्या गाडीत मी त्यांना बसवून दिलं. कंगवा खिशात होता.

मग दुपारी फोन यायचा. मागं मेंढरांचा आवाज. "अक्का, कामात हाय का? जरा उघडा की वाडी." मी कन्सोल उघडायची. "कुठं हाय आपण?" "टेस्टमधी." "म्हातारी?" "हाय." "बाळ?" "हाय. नाव नाय ठिवलं अजून." "काशिनाथ?" "तिन्ही हायत सर. तीनच हायत." "मग बरंय," म्हणायचे, आणि ठेवायचे.

आता फोन येत नाही. येणारही नाही. त्यांच्या भावानंच कळवलं मला.

ऑफिस आता जालना रोडला गेलंय, काचेचं झालंय. शबाना आमची सगळ्यांची मुख्य आहे. नव्या पोरांच्या कानांत दिवसभर ते गाण्याचे बोळे. मी अजून जाते, थोडा वेळ. संध्याकाळी रिकामवाडी उठवायचं काम माझ्याकडंच आहे. कन्सोल उघडते. ओळीच्या सुरुवातीला लिहिलेलं मला नीट दिसतं, चष्म्याचा नंबरही फार नाही. तरी मी हात मांडीवर ठेवते आणि मोठ्यानं विचारते,

"कुठं हाय मी?"

पोरं एकमेकांकडं बघतात. मी बसून राहते. उत्तर आल्याशिवाय मी बोट लावत नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही. शबाना आपल्या काचेच्या खोलीतून उठते, माझ्या खुर्चीमागं येते, वाकून वाचते. पूर्वीसारखं तिला तिथून न बघता सांगता आलं असतं. पण ती उठून येते.

"टेस्ट में है अम्मा," ती म्हणते. "टेस्ट में."

मग मी गाव उठवते.